न्हाई म्हणायला शिकलेला मामा

शेरडं राखायची लाज वाटायची म्हणून मी शिकलो, आणि शिकून सवरून न्यूझीलंडात गायी राखायला गेलो. हे वाक्य मी गावात कधी बोलत नाही. वडवणीकडच्या आमच्या खेड्यात मी 'डेअरीत साहेब' आहे. साहेब पहाटे उठून गुडघ्याएवढे रबरी बूट घालतो, गायींच्या कासा धुतो आणि उरलेला वेळ पाइपानं शेण ढकलतो. माझ्या बापानं शेरडामेंढरांमागं आयुष्य काढलं, पण शेण पाइपानं ढकलायची वेळ त्याच्यावर आली नाही. तेवढी प्रगती घराण्यात मीच केली.

पण खरं सांगतो, तिथं मला लई बरं वाटलं. पैशाचं सोडा, पैसा दिसतो तेवढा उरत नाही. बरं वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. पहिल्याच आठवड्यात मी रस्त्यानं एकटा चाललो होतो. समोरून मालकाची गाडी आली. मी लगेच मनात उत्तर जुळवलं, की दुकानात चाललोय, मीठ आणायला, लगेच येतो. मालकानं स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं आणि निघून गेला. विचारलंच नाही! माझं मिठाचं उत्तर तोंडातच राहिलं. आमच्याकडं घरापासून चहाच्या टपरीपर्यंत जायचं तर 'कुठं निघालास', 'कावून निघालास', म्हणजे कशाला, आणि 'आत्ताच कावून' यांना तोंड देत जावं लागतं. परत येताना पुन्हा तेच.

त्यात मी बिनलग्नाचा. चाळिशीला टेकलेला बिनलग्नाचा माणूस आमच्या भागात सार्वजनिक मालमत्ता असतो. कुणीही यावं आणि हात घालावा. "कावून रे, काही दोष हाय का?" असं मला एका माणसानं केस कापता कापता विचारलेलं आहे, वस्तरा मानेवर असताना. न्यूझीलंडात मला कुणी काही विचारलं नाही. पहिल्या वर्षी याचा आनंद झाला. नंतर नंतर एखाद्या रविवारी वाटायचं, कुणीतरी विचारायला काही हरकत नव्हती. पण ते मी स्वतःलाही सांगत नव्हतो.

सगळ्यात मोठी गोष्ट घडली ती कुंपणापाशी. मालक तार ओढत होता. त्यानं विचारलं, रविवारी कामावर येशील का. आता आमच्या तालुक्यात मोठ्या माणसाला नाही म्हणायची पद्धत नाही. आमी 'बघू' म्हणतो, 'करू की' म्हणतो, 'येतोच' म्हणतो, आणि मग जात नाही. सगळ्यांना हे माहीत असतं, त्यामुळं कुणाची फसवणूकही होत नाही. पण त्या दिवशी इंग्रजीत 'बघू' कसं म्हणायचं ते मला सुचेना. म्हणून मी नाही म्हणालो. मालक म्हणाला, ठीक आहे. आणि पुन्हा तार ओढायला लागला.

मी तिथंच उभा. पुढचं येईल म्हणून वाट बघत होतो. शिव्या येतील, निदान तोंड वाकडं होईल, 'तुझ्यासाठी एवढं केलं' तरी येईल. काहीच आलं नाही. मालकानं वर बघून विचारलं, अजून काही आहे का. मी म्हणालो, नाही. म्हणजे एका दमात दोनदा नाही! त्या संध्याकाळी मी एकट्यानं आइस्क्रीमचा आख्खा डबा संपवला.

तिथून मला चटकच लागली. पार्टीला येतोस का, नाही. जास्तीचं काम, नाही. आणि ही विद्या आपल्यापुरती ठेवायची नाही म्हणून मी दर रविवारी फोनवरून गावाकडच्यांना शिकवू लागलो. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, चुलीपुढं फोन ठेवून भाकरी थापत ऐकायची. "मालकाला न्हाई म्हणलास? काढून टाकील की रे तुला!" मी म्हणायचो, "आक्का, इथं माणसाला किंमत हाय. तुमी पण नाही म्हणायला शिका." आक्का म्हणायची, "बरं, करू की." दाजी, म्हणजे तिचा नवरा, फोनजवळ यायचेच नाहीत. माझं प्रवचन मन लावून ऐकणारी एकच होती, आक्काची पोरगी. माझी भाची. मला वाटायचं, मामाचं कौतुक म्हणून ऐकते.

भाची पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे उठून फाट्यापर्यंत पळायची, गोळा म्हणून शेतातला धोंडा फेकायची. धोंडा एकदा शेजाऱ्याच्या पत्र्यावर पडला, त्यावरून भांडण झालं, ते मी फोनवर ऐकलं होतं. मैदानी परीक्षा, जिला ती 'ग्राउंड' म्हणायची, पुढच्या महिन्यात होती. आणि मी सुट्टीवर यायच्या आठवड्यातच तिला बघायला पाव्हणे येणार होते. धर्मापुरीकडची माणसं, उसाची जमीन, परळीच्या वीजकेंद्राची राख वाहणाऱ्या पोराच्या चार मोठ्या गाड्या. त्यांचा निरोप साफ होता. पोरगी पसंत पडली तर लगीन याच उन्हाळ्यात, आणि आमच्या घरातली सून खाकी घालणार न्हाई.

मी मुंबईला उतरलो तेव्हा अर्ध्या चड्डीवर होतो. तिथं सगळे तसेच फिरतात. स्वतंत्र माणसाचे पाय उघडे असतात अशी काहीतरी माझी समजूत झाली होती. बीडच्या स्टँडवर उतरल्यावर समोर गावाकडचा एक म्हातारा दिसला, आणि मी बॅग घेऊन संडासात शिरलो ते फुल पँट घालूनच बाहेर आलो. तिथून आक्काच्या घरापर्यंत जेवढ्या जणांनी चहा दिला तेवढा प्यालो. एकालाही नाही म्हणालो नाही. रात्री चारदा उठून बाहेर जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी भाचीनं मला शेरडांच्या गोठ्यामागं गाठलं. "मामा, उद्या बैठकीत तुमी बोला. आप्पा तुमचं ऐकतेत." आप्पा म्हणजे दाजी. माझं ऐकतात हे मला नवीन होतं, पण छाती फुगली.

"काय बोलू?"

"न्हाई म्हणा. ग्राउंड होऊस्तोवर न्हाई. बास."

"बघू की."

"बघू म्हणू नका, मामा!" पोरगी एकदम तडकली. "बघू म्हणलं की ही माणसं हो धरतेत. तुमीच फोनवर सांगतेव ना, न्हाई म्हणायचं आन् गप उभं राहायचं? मी सगळं ऐकलंय तुमचं. एकदाच म्हणा. एकदा लगीन ठरलं की माझं पळणं बंद. मग आयुष्यभर दुसऱ्याच्या घरच्या भाकरी."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती ते पुसत नव्हती. मी म्हणालो, "तू काळजी करू नको. मालकाला न्हाई म्हणणारा माणूस हाय मी." हे बोलताना एक शेरडू माझ्या पँटचा पाय चघळत होतं.

पाव्हणे आले. अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. मला बसायला वेगळी गादी, लोड. डोक्यावर टोपी चढवली, खांद्यावर टॉवेल टाकला, कपाळाला कुंकू लावलं. न्यूझीलंडात इतक्या वर्षांत माझ्या डोक्याला पावसाशिवाय कुणी हात लावला नव्हता. मला गुदगुल्याच झाल्या. भाची पोह्यांचं ताट घेऊन आली, खाली मान घालून बसली, नाव-शिक्षण सांगितलं आणि आत गेली. जाताना तिनं माझ्याकडं एकदाच बघितलं. मी डोळ्यांनीच सांगितलं, हाय ना मी.

पोराचा चुलता हा त्यांच्यातला मोठा माणूस. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, बोलणं मऊ, निवडणुकीत मुरलेला. त्यानं मला हेरलं. "मामा, तिकडं कसं असतं वो? आमाला जरा सांगा की."

संपलं. एवढंच विचारायची खोटी होती. माझ्यातला रविवारचा प्रवचनकार उठून बसला. मी म्हणालो, तिकडं माणूस मोकळा. बाप लेकाला विचारत न्हाई, शेजारी शेजाऱ्याला विचारत न्हाई. माणसं माना डोलवू लागली. "बराबर हाय," चुलता म्हणाला. कुणी माझ्या बोलण्याला 'बराबर हाय' म्हणतं हे ऐकून मी आणखी चढलो. म्हटलं, आधी वातावरण तयार करू, मग न्हाई म्हणू. दाजी अवघडून बसले होते. मध्येच चुलत्यानं आपल्याच खिशातून काहीतरी काढून ताटात ठेवलं आणि ते ताट माझ्यापुढं सरकवलं. बोलता बोलता एवढंच कानावर आलं, "मान मामाचा." मी मान स्वीकारल्यासारखी मान हलवली आणि पुढं बोलत राहिलो.

आता एक सांगायला पाहिजे. आमच्याकडं लग्न ठरतं ते सुपारीवर. चार माणसांत सुपारी फोडली की सोयरीक पक्की. मग माघार घेणं म्हणजे दोन्ही घरांची इज्जत गेली. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण ताटात सुपारी होती, शेजारी अडकित्ता होता, आणि माझा बाप जन्मभर बोलता बोलता अडकित्ता चालवायचा. न्यूझीलंडात मला सुपारी दिसली नव्हती, अडकित्ता तर स्वप्नातही आला नव्हता. हात आपोआप गेला. मी सांगत होतो, "आन् पोरीचं म्हणाल, तर तिकडं पोरीला इचारल्याशिवाय कुणाची हिंमत न्हाई…" आणि कटकन आवाज झाला.

 मग चुलता मांडीवर थाप मारून ओरडला, "फुटली! मामानं सुपारी फोडली! वाजवा टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. पेढ्याचा बॉक्स निघाला. कुणीतरी माझ्या तोंडात पेढा कोंबला. दाजी उठून मला मिठी मारायला आले, कारण त्यांना वाटलं मेव्हण्यानं मोठं काम केलं. मी दोन्ही हात हलवत होतो, "तसं न्हाई… म्हणजे…" पण पेढ्यातून शब्द बाहेर येईना. शेवटी जो शब्द बाहेर आला तो होता, "बघू!" आणि तो ऐकून माणसं आणखी खूश झाली.

दारात भाची उभी होती. डोक्यावरची ओढणी खाली आली होती आणि तिनं ती वर घेतली नाही.

"मामा, कुणाची सुपारी फोडली?"

"कुणाची म्हणजे… आपलं…"

"मामानं फोडली तर मामाला पोरगी बघा," ती सगळ्यांना म्हणाली. "ते बिनलग्नाचेच हायेत. मला ग्राउंड हाय."

मागच्या रांगेतला एक म्हातारा खो खो हसला आणि त्याच्या पोरानं त्याला कोपरानं ढोसलं. चुलता हसला नाही. तो दाजींना म्हणाला, "पाव्हणं, पोरीला आवरा."

"आत जा," दाजी म्हणाले.

"न्हाई."

एवढंच म्हणाली आणि गप उभी राहिली. मी फोनवर शिकवलं होतं अगदी तसं. पण इथं कुणी 'ठीक आहे' म्हणून तार ओढायला लागलं नाही. दाजींचं तोंड लाल झालं, मग पांढरं झालं. आतून आक्काचं रडणं ऐकू आलं. पाव्हण्यांनी टोप्या उचलल्या. बघायला आलेला पोरगा एकटाच भाचीकडं टक लावून बघत होता. मला वाटतं, त्याला ती तेव्हा खरी पसंत पडली. दाजी माझ्याकडं वळले. "बोल की बे आता! तू तर लई बोलतूस!"

सगळे माझ्याकडं बघत होते. डोक्यावर टोपी, हातात अडकित्ता. मी म्हणालो, "तिचं बरोबर हाय." माझा आवाज इतका बारीक निघाला की शेजारचा म्हणाला, "काय?" मला तेच पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं निघालं. तेवढीच माझी मर्दुमकी.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की न्यूझीलंडच्या मामानं पोरीला फूस लावून सोयरीक मोडली. टपरीवर दोन पोरांनी माझ्याबरोबर फोटो काढला. मी खुलासा केला नाही. करायला हवा होता, पण चहा फुकट मिळत होता आणि कुणी मला धाडसी समजायची ही पहिलीच खेप होती.

आक्कानं मात्र सोडलं नाही. "तुला काय रे. तू बसशील विमानात आन् जाशील. माझ्या लेकीचं नाव झालं गावभर, ते कोण पुसणार? तिचा बाप जेवला न्हाई. तिच्याशी बोलंना."   दाजी अंगणात बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. भाचीनं दोनदा ताट नेलं, दोन्हीदा तसंच परत आणलं.

पहाटे जाग आली तेव्हा भाची ओसरीवर बुटांच्या नाड्या बांधत होती. बांधून झाल्या तरी उठेना. बाजेकडं बघत बसली. मग मला कळलं ते फोनवर कधी कुणी सांगितलं नव्हतं. रोज ती पळताना दाजी मागून गाडीवर जायचे. पहिल्या गिअरमध्ये, हेडलाइट लावून, फाट्यापर्यंत आणि परत. रस्त्यावर उसाच्या गाड्या, मोकाट कुत्री, आणि पोरीनं अंधारात एकटं पळायचं म्हणजे. ज्या बापाविरुद्ध मी सबंध वर्ष फोनवरून भाषणं देत होतो, तो रोज पहाटे झोप मोडून हे करत होता.

बाज हलली नाही. मी चावी घेतली. म्हणालो, "चल, मी येतो."

गिअरची गाडी मी कैक वर्षांत चालवली नव्हती. आधी सुरूच होईना, मग अशी उडी मारली की मी जवळजवळ भाचीच्या अंगावर गेलो. "मागं राहा, मामा! पुढं नका येऊ!" ती पळत होती, मी मागं धडपडत होतो, उजेड कधी बाभळीवर, कधी आभाळात. श्वास घेत घेत तिनं विचारलं, "मामा, तिकडं… न्हाई म्हणल्यावर… काय होतं?"

"काही न्हाई. ठीक हाय म्हणतेत."

"मग त्यात… काय लई मोठं?"

तिनं टोमणा मारला नव्हता. खरंच विचारलं होतं. ते अजूनही टोचतं. मालकाचा मला राग येण्याचं कारणच काय होतं? मी रविवारी आलो काय, मेलो काय, त्याच्या जेवणाची चव बिघडणार नव्हती. माझं सगळं स्वातंत्र्य असल्या माणसापुढं कमावलेलं. हिनं मात्र ज्याच्या गळ्यात पडून मोठी झाली त्याला चारचौघांत न्हाई म्हटलं, आणि तो रात्रभर उपाशी पडला, आणि ती तरीही नाड्या बांधून पळायला निघाली.

एवढं सगळं डोक्यात चाललं असताना गाडी बंद पडली. मिट्ट काळोख. भाचीच्या बुटांचा आवाज पुढं पुढं गेला आणि थांबला. मी किका मारत होतो. पाठीमागून चपला फरफटल्याचा आवाज आला. दाजी होते. अंगावर बनियन, खांद्यावर टॉवेल, चालत आले होते.

"उतर बे," ते म्हणाले. "लाइट धरता येईना तुला."

मी उतरलो. त्यांनी एका किकेत गाडी सुरू केली. भाचीकडं बघितलं नाही, तिला काही बोलले नाहीत. गाडी हळूहळू तिच्या मागं नेऊन थांबवली आणि इंजिन नुसतं फुरफुरत ठेवलं. ती पण मागं वळून बघेना. दोघंही हट्टी. मी रस्त्यात उभा राहून मनात म्हणत होतो, बोला रे कुणीतरी, बोला.

मग ती पळायला लागली. गाडी निघाली. बरंच पुढं गेल्यावर तिचा आवाज आला, नेहमीच्या हक्काच्या चिडक्या सुरात.

"आप्पा, अप्पर मारा की! खड्डा दिसंना!"

 उजेड लगेच वर झाला, आणि पार फाट्यापर्यंतचा रस्ता दिसायला लागला.